संघातली पक्की जागा

बाई,

गेल्या आठवड्यात तुमची फार आठवण आली. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या एका वस्तीवर, पत्र्याच्या घरात, टीव्हीसमोर सतरंजीवर बसले होते तेव्हा. तुम्ही होतात त्या काळी मुलींचं क्रिकेट टीव्हीवर दिसेल असं कुणी म्हणालं असतं तर आपण दोघी हसलो असतो. आता दिसतं. आणि त्या दिवशी भारताचा निळा शर्ट घालून जी धावत होती, ती माझ्या शाळेतली मुलगी. ती आठवीत असताना सीझनचा, चामड्याचा बॉल तिच्या हातात पहिल्यांदा मी ठेवला. हे लिहितानाही माझा विश्वास बसत नाही, म्हणून सगळ्यांत आधी लिहून टाकलं.

ती अष्टपैलू आहे. मध्यमगती गोलंदाजी करते, खालच्या क्रमांकावर येऊन जोरात हाणते आणि क्षेत्ररक्षणाला उभी असली की तिच्या बाजूला बॉल मारायला समोरची बिचकते. पण भरवशाची नाही. तिची शिक्षिका असूनही मला हे म्हणावं लागतं. एखाद्या दिवशी एकटीच्या जिवावर सामना काढून देते आणि मग पुढचे कितीतरी दिवस ही तीच का, असा प्रश्न पडावा असं खेळते. देशाच्या संघात ती आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. आली की चौकात फटाके वाजतात. गेली की भाजी घेताना कुणीतरी विचारतंच, "काय मॅडम, काढलं म्हणं तुमच्या पोरीला?" आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत तर दोन तट पडलेत. गणिताचे सर डबा उघडता उघडता म्हणतात, "चमक ठीक आहे हो, पण देशाच्या संघात पक्की जागा पाहिजे तर सातत्य लागतं. त्यापेक्षा रोज गुमान पंचवीस रन करणारी एखादी घ्या." रोज गुमान पंचवीस करणारी म्हणजे मीच होते की, बाई.

नगरला आता पाटीवर अहिल्यानगर लिहितात, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. तिथलं आपल्या शाळेचं चर्चमागचं मैदान डोळ्यांसमोर आहे. उन्हाळ्यात त्याला भेगा पडायच्या आणि बॉल कुठून कसा उसळेल याचा नेम नसायचा. तुम्ही इंग्रजी शिकवायचात, स्वतः कधी बॅट धरली नव्हतीत, पण रेडिओवरची कॉमेंट्री ऐकून ऐकून तुमच्या डोक्यात अख्खं मैदान तयार झालं होतं. पांढरी साडी, खाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. एकदा तुम्ही पुण्याहून रुमालात बांधून लाल चामड्याचा बॉल आणलात. तोवर आम्ही रबरी बॉलवरच खेळत होतो. तुम्ही तो आधी सगळ्यांच्या हातात फिरवलात. आम्ही बोर्डिंगच्या मुलींनी त्याचा वास घेतला, शिवण बोटांनी चाचपली, आणि त्या दिवशी कुणी खेळलंच नाही. तुम्हीही खेळा म्हणाला नाहीत.

त्या बॉलवर खरं राज्य केलं ते नेवाशाच्या पोरीनं. माझ्यापेक्षा वर्षानं लहान, उंच, सदा वेंधळी. दहातल्या आठ वेळा भलतंच करायची आणि उरलेल्या दोन वेळा असं काही करायची की समोरच्या शाळेच्या मुलीही टाळ्या वाजवायच्या. मी कॅप्टन. एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर, मी तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. स्टोव्हचा आवाज चाललाय, तुम्ही पाटावर बसून विळीवर कांदा चिरताय.

"बाई, तिला काढा. काल तिच्यामुळं हरलो आपण. शेवटचा कॅच सोडला तिनं."

तुम्ही मान वर करत नाही. "कॅच कुठं उडाला होता?"

"तिच्यात आणि माझ्यात."

"मग तू का नाही गेलीस?"

"मला पोचता आलं नसतं."

"मग सुटला तो तिच्याच नावावर का?"

"हात तिचा लागला ना बॉलला."

तुम्ही मनगटानं डोळे पुसता, कांद्यामुळं. "पोचली म्हणून हात लागला. जी पोचतच नाही, तिच्याकडून कॅच सुटेल कसा?" आणि मग वर बघून, त्या तुमच्या वर्गातल्या आवाजात, "कॅप्टन आहेस. चुगल्या घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात यायचं नाही. आता ताटं घे, जेवून जा."

मी ताटं घेतली. तुम्ही मला वाढत होतात, आणि तिलाही बोलावून घेतलं होतंत. ती माझ्या शेजारी बसून तीन वेळा रस्सा मागून घेत होती. तिला यातलं काही माहीतच नव्हतं.

आता त्या दिवशीच्या सामन्याचं सांगते. ते पत्र्याचं घर माझ्या या निळ्या शर्टातल्या मुलीचं; तिचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप सुरू झालं की बोलावणं येतं, बॉयलर थंड झाला की घरी. बरोबरचे कितीतरी पर्मनंट झाले, यांचं नाव दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. घरात दोन गाई आहेत, दूध डेअरीला जातं, त्यावर उन्हाळा निघतो. मला त्यांनी टीव्हीसमोर मधोमध बसवलं, वस्तीवरची माणसं मागं दारापर्यंत. भारताची फलंदाजी आधी. ती आली आणि दुसऱ्याच बॉलला उंच मारून झेल देऊन परतली. खोलीतून एक सुस्कारा गेला. टीव्हीवरचा जाणकार म्हणाला, गुणवत्ता आहे यात शंका नाही, पण अशा खेळाडूला संघात कायमची जागा द्यायची का, याचा आता विचार व्हायला हवा. वडिलांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "मॅडम, ते कायमचं म्हंजी पर्मनंटच ना? तितं बी हंगामी असतंय व्हय?"

मी म्हणाले, "तसंच म्हणायचं."

ते उठून गाईला वैरण टाकायला गेले. मग तिचं पहिलं षटक आलं आणि समोरच्या बाईनं तिला दोन सिक्स मारले. मागची माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. तिची आई मात्र भिंतीला टेकून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून तशीच बघत होती.

सामना जाणार अशी चिन्हं होती, आणि कॅप्टननं शेवटच्या आधीचं षटक पुन्हा हिलाच दिलं. का दिलं असेल? मला वाटतं त्या कॅप्टनला तुमच्यासारखं काहीतरी दिसत असणार. पहिला बॉल साधा. दुसरा बाहेर जाता जाता आत वळला आणि यष्टी उडाली. तिसऱ्याला नवी आलेली फलंदाज, तिनं बॉल हलकेच बाजूला ढकलला आणि धाव घ्यायला निघाली. ही बॉल टाकून पुढं झुकलेली, तोल गेलेला, एक हात जमिनीला टेकलेला. ती तशीच त्या हातावर वळली, उलट्या दिशेनं धावली, बॉल उचलला आणि उठायच्या आधीच, पाठ अर्धी वळलेली असताना, फेकला. तिला तिथून एकच यष्टी दिसत असणार. ती एकच पडली.

बाई, मी इतकी वर्षं मुलींना खेळ शिकवतेय. पाय कुठं, खांदा कुठं, नजर कुठं, सगळं समजावून सांगते. यातलं मी तिला काहीही शिकवलेलं नव्हतं. ते कुणी शिकवूच शकत नाही. मी नुसते हात जोडले, कुणाला ते कळलं नाही मला. तिची आई तेवढी बोलली, "कोपर खरचाटलं बघा तिचं. लागलं आसंल." मग एकदम सगळी वस्ती ओरडायला लागली आणि वडील वैरणीचे हात घेऊन दारात धावत आले. त्यांनी ते बघितलंच नव्हतं. पुन्हा दाखवलं तेव्हा ते टीव्हीच्या इतके जवळ गेले की आम्हाला काही दिसेना. कुणी त्यांना बाजूला व्हा म्हणालं नाही. सामना आपण जिंकला.

दोन दिवसांनी ती घरी आली आणि संध्याकाळी वडिलांना घेऊन माझ्याकडं. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, कोपराला पट्टी. मी पोहे करत होते. म्हणाली, "मॅडम, टीव्हीवर माझ्याबद्दल बोलतात ते ऐकलं ना? खरं सांगा. मला पक्की जागा द्यावी का?"

मी तुमचं पोचण्याचं सांगितलं. तुमचं म्हणूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पण मॅडम, मी पोचते आणि सुटतो, तेव्हा टीम हरते ना. बाकीच्या दहा जणींनी काय करायचं?" हा प्रश्न मी तुम्हाला त्या रविवारी विचारायला हवा होता. मला सुचला नव्हता.

वडील दाराशी खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "मला किरकेटातलं कळत न्हाई, मॅडम. पर कारखान्यात लोक म्हणतेत, मानूस पर्मनंट झाला की काम टाळतो. टाळत आसंल एखादा. पर मी दुसरं बी पाह्यलंय. पर्मनंट झालेला मानूस नीट झोपतो. ही घरी येती तवा झोपत न्हाई. आंगनात फिरती." आणि तिच्याकडं न बघता, "झोपली तर आनखी चांगली खेळंल का न्हाई, तेवढं सांगा."

ती हसली. "अप्पा, झोपून उठले आणि तो थ्रो विसरले तर?"

मला दोघांचंही पटलं, बाई. पोहे करपायला आले तोवर आम्ही तिघं त्यावरच बोलत होतो. शेवटी मी एवढंच म्हणाले की मी निवड करणारी असते तर तुला वर्षभर कुणाला हात लावू दिला नसता, आणि वर्षानं पुन्हा विचार केला असता. वडील म्हणाले, "वरीसभर बी लई झालं."

परवा नवा संघ जाहीर झाला. तिचं नाव आहे, या एका दौऱ्यापुरतं. पुढचं पुढं. गणिताच्या सरांनी माझ्यासाठी पेढा आणला आणि तरीही म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही हां." मी पेढा खाल्ला.

निघायच्या आधी, आज सकाळी, ती शाळेच्या मैदानावर सरावाला आली. आमच्या मुली कुंपणाच्या तारेला चिकटून उभ्या. थोड्या वेळानं तिनं मला बॅट दिली आणि म्हणाली, "मॅडम, एक बॉल. तुमच्यासाठी." माझा गुडघा दुखतो, पण नाही म्हणवेना. स्टान्स घेतला, तुम्ही कॉमेंट्री ऐकून सांगायचात तसाच. ती दुरून पळत आली, साधीच आली, आणि पुढच्या क्षणी मागं यष्टिरक्षक मुलीच्या ग्लोव्हजमध्ये फटकन आवाज झाला. मुलींनी विचारलं, मॅडम, मारला का नाही? मी बॅट काखेत धरून म्हणाले, बाहेरचा होता, सोडला.

हे पत्र तुम्हाला पाठवायची काही सोय नाही, म्हणून तुमच्यापुरतं सांगते. मला तो बॉल दिसलाच नव्हता.