शिवणारी : गुंजन

देवळी, जि. वर्धा
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय गुंजन,

आशीर्वाद. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. आम्ही इकडे ठीक, तुम्ही मायलेकी वडनेरला ठीक असाल असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर तर मला ब्लॉकच करून टाकलंस, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

आता बातमी ऐक, आणि बसून ऐक. पुण्याच्या पौर्णिमाताई, ज्यांच्या दुकानात आपले कुर्ते जातात, त्या १३ तारखेला, गुरुवारी, देवळीला येत आहेत. वर्षभराची ऑर्डर द्यायची म्हणतात. वर्षभर, गुंजन! दिवाळी झाली की सातही बायांना घरी बसवायचं हे मला दरवर्षी किती जड जातं, तुला माहीत आहे. दोन दिवसांपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. सकाळी चहात मीठ टाकलं, तुझे भाऊजी बिचारे पिऊनही गेले.

त्यांच्या गिऱ्हाइकांना आपल्या भागातल्या कापसाचं हातमागाचं कापड आवडतं, पळसाचा रंग आवडतो, पण सगळ्यात जास्त आवडतो तो तुझा खिसा. तोच, उजवीकडचा खोल. नाशिकच्या एका कंडक्टर बाईंनी तुला पत्र लिहिलंय : 'गुंजनताई, मोबाइल मावेल असा खिसा आयुष्यात पहिल्यांदा मिळाला.' अशी सहा पत्रं आहेत, सगळी तुझ्या नावाने.

तुझ्या नावाने कशी, हे तू विचारशीलच. तर टॅग मी बदलले नाहीत. 'शिवणारी : गुंजन, देवळी' हेच टॅग अजून लागतात. तू काम सोडून गेलीस तेव्हा छापून ठेवलेले होते, म्हटलं संपू दे. मग संपले, तेव्हा पुन्हा छापले. तुझं नाव चालत होतं गं.

म्हणून एक विनंती. पौर्णिमाताईंना तुला भेटायचंय. गुरुवारी एक दिवस ये. काही बोलायचं नाही, फक्त तुझ्या मशीनवर बसायचं. होळीच्या आधी जे झालं ते झालं, आता त्याचं काय घेऊन बसायचं? सात घरांचा प्रश्न आहे.

वाट बघते.

तुझी मंजुताई


वडनेर
८ नोव्हेंबर

मंजुताईले नमस्कार.

पत्र भेटलं. आईले वाचून दाखवलं. ऑर्डरचं ऐकून मले खरंच बरं वाटलं. त्या कंडक्टर बाईची ओळ तं मी दोनदा वाचली.

पण मी येऊन बसणार नाई. जे कुर्ते मी शिवले नाई त्याईले माझं नाव, अन् ज्या बाया शिवून राह्यल्या त्याईचं नाव कुठंच नाई. काजं करू करू कौशल्याबाईचे डोळे दुखून राह्यले, तिचं नाव कुठं आहे?

अन् मी काऊन गेलती, हे तुमाले चांगलं माहीत आहे. एवढं मोठं पत्र लिवलं तुमी, त्यात ते एक वाक्य नाई.

मी इथं ब्लाउज शिवते. बरं चाललं आहे.

गुंजन


देवळी
१४ नोव्हेंबर

गुंजन,

कालचं सगळं आधी सांगते, पोटात राहत नाहीये.

तुझं पत्र आलं तेव्हा मला रागच आला होता. बुधवारी मी मयुरीला तुझ्या मशीनवर बसवलं आणि सांगितलं, उद्या कोणी विचारलं तर गुंजन म्हण. तीही 'हो' म्हणाली. नाही म्हणायची तिची काय टाप?

गुरुवारी अकराला पौर्णिमाताई आल्या. चपला काढता काढताच विचारलं, "गुंजन कोणती?" सातही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मयुरीने अशी मान खाली घातली, जसं काही चोरी तिनेच केली. मग माझ्याच्याने झालं नाही. सगळं बोलून टाकलं. टॅग, पुन्हा छापलेले टॅग, मयुरीला पढवलेलं, सगळं.

पौर्णिमाताईंनी चहा खाली ठेवला. म्हणाल्या, "दुकानात तीनशे कुर्ते आहेत, मंजुषाताई. मी रोज लोकांना गुंजनबद्दल सांगते." वर्षाची ऑर्डर तिथेच गेली. ते तीनशे टॅग निघणार, आणि ज्यांनी ज्यांनी तुला पत्र लिहिलं त्यांना मी स्वतः खरं काय ते कळवायचं. खऱ्या नावांनी पन्नास कुर्ते करा, मग बघू, एवढं म्हणून त्या गेल्या.

पन्नास! मला रडू यायला हवं होतं. पण दुपारी कोऱ्या टॅगांचा गठ्ठा मधे ठेवला आणि म्हटलं, बायांनो, आपापलं नाव लिहा. काय गोंधळ घातला सगळ्यांनी. आनंदाबाईला नावात 'बाई' नको. मयुरीने स्वतःचं नाव चार टॅगांवर लिहून पाहिलं आणि चौथं पसंत केलं. कौशल्याबाईला विचारलं, नवऱ्याचं नाव मधे घालायचं का? तर म्हणाली, "त्याईचं काऊन? त्याईनं एक काज तरी केलं का?" हसून हसून आमची पोटं दुखली. इतक्या वर्षांत ह्या खोलीत असा दिवस आला नव्हता. आज सगळ्या नऊच्या आधीच हजर.

खिसा मात्र तुझा आहे. तू हो म्हणालीस तर आतल्या बाजूला 'खिसा : गुंजन, वडनेर' अशी पट्टी लावू, आणि त्याचा मोबदला तू सांगशील तो. नाही म्हणालीस तर खिसा लागणार नाही.

आता ते एक वाक्य.

होळीच्या आधी तुझ्या बोटात मशीनची सुई आरपार गेली, आणि मी आधी कापड ओढून घेतलं. पांढरं होतं, डाग पडेल म्हणून. तू माझ्याकडे बघत होतीस. कापड स्वच्छ होतं. मी 'वाचलं बाई' म्हणाले, आणि ते तू ऐकलंस. दवाखान्यात तुला आनंदाबाई घेऊन गेली, मी नाही. त्यानंतरही मी फोनवर गिऱ्हाइकांना सांगत राहिले की आमच्याकडे माणूस आधी, कापड नंतर. मला लाज वाटते, गुंजन.

परत ये असं म्हणत नाही. ब्लाउज शिवतेस म्हणजे बोट चालत असेल, अशी मी माझी समजूत घालते. पण खरं तूच सांग. दुखतं का अजून?

तुझ्या नावावर आठ महिने जगलेली,
मंजुषा