पोलो ग्राउंडवर सगळ्यात आधी

१ ऑक्टोबर १९९८. दसरा.
सकाळी आजोबांच्या तलवारीची पूजा, मग माझ्या मारुती गाडीची. दोघींना झेंडूचे हार. आजोबा महाराजांच्या पागेत होते. (कारकून होते, पण पागेत.) वेग आमच्या रक्तातच आहे. आमच्या मोटार क्लबने डिसेंबरात कॅन्सर जागृतीसाठी कार रॅली ठेवली आहे. नाव देऊन टाकलं. ट्रॉफी शोकेसच्या मधल्या फळीवर ठेवणार. तिथली बुद्धाची मूर्ती हलवावी लागेल.
शालिनी पूजेचं ताट धरून उभी होती. म्हणाली, छातीत गाठ लागतेय, डॉक्टरकडे सोबत चला. भर मुहूर्तावर! म्हटलं, दिवाळी होऊ दे. या वयात बायकांना काही ना काही लागतंच.

४ ऑक्टोबर
निश्चय: पहाटे प्राणायाम. चहा बंद. गोत्री ते सिंधरोट रोज प्रॅक्टिस.

५ ऑक्टोबर
प्राणायाम राहिला. चहा झाला. सिंधरोटच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. या देशात स्पोर्ट्स वाढणार कसा?

२६ ऑक्टोबर
दिवाळी संपली. शालिनीने पुन्हा विषय काढला. शेवटी एकटीच जवळच्या डॉक्टरकडे जाऊन आली. ते म्हणाले, सुई घालून तपासायला हवं, मोठ्या दवाखान्यात मिस्टरांना घेऊन जा. गाडी ट्यूनिंगला दिलेली. रिक्षाने जा म्हटलं, तर म्हणे एकटीला भीती वाटते. सुईला भिते! मी टायर बदलताना बोट चेपून घेतलं, हूं की चूं केलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार
क्लबची मीटिंग. सेक्रेटरी बाळकृष्ण पारखींनी नियम सांगितले. म्हणे ही रेस नाही. ठरवून दिलेल्या स्पीडनेच जायचं. वाटेत वेळ नोंदवणारे चौकीवाले लपून बसणार. उशिरा पोचलात तर एक मार्क कापणार, लवकर पोचलात तर दोन. लवकर पोचल्याची शिक्षा! अरे, हे काय ड्रायव्हिंग झालं? असले नियम साध्या लोकांसाठी असतात. माझ्यासारखा पुढे निघाला की बघतच राहतील.
शेजारी बसून हिशेब सांगायला ऑफिसातला गजेंद्र घेतला. माणूस भित्रा आहे, पण घड्याळ चांगलं आहे.

१९ नोव्हेंबर
बॉनेटवर स्टिकर लागला. गुजरातीत: गांठ छुपावशो नहीं, वहेली तपास करावो. म्हणजे गाठ लपवू नका, लवकर तपासून घ्या. अक्षरं फार मोठी, माझे रेसिंगचे पट्टे झाकले गेले. पारखींना फोन करून बोललो. ऐकत नाहीत.
शालिनी स्टिकरपुढे बराच वेळ उभी होती. तिला रंग आवडला असावा. मग म्हणाली, उद्या जाऊ या का? म्हटलं, असा स्टिकर लावून गावात फिरवली की गाडीची शान जाते. रॅली होऊ दे, तुला ऐटीत नेतो.

२९ नोव्हेंबर
दांडिया बाजारात महिला मंडळापुढे माझं भाषण! पारखींचा घसा बसला म्हणून मला उभं केलं. मराठी, गुजराती दोन्ही ठोकून दिलं. म्हटलं, भगिनींनो, लाज सोडा. आणि नवऱ्यांनो, कामं बाजूला ठेवा, बायकोचा हात धरून तिला तपासायला न्या. टाळ्या थांबेनात. एक बाई तर रडली.
शालिनी मध्येच उठून गेली. रात्री आमटी गार. बाहेर टाळ्या आणि घरी ही किंमत. असो.

१३ डिसेंबर, रविवार. रॅली.
सांगायलाच नको. पोलो ग्राउंडवरून सुटलो ते वाघोडियापर्यंत आठ गाड्या मागे टाकल्या. गजेंद्र सारखा, साहेब हळू, साहेब हळू. हालोलला तर उतरायची भाषा करू लागला. पहिल्या चौकीचे लोक अजून खुर्च्या मांडत होते, इतका आधी पोचलो. हसले. मला वाटलं कौतुक. सावलीवरून परत पोलो ग्राउंडवर सगळ्यात आधी मी.
निकाल: शेवटचा. पहिली आली तरसालीची एक सासू आणि तिची सून, जुन्या फियाटमध्ये. वाटेत भजी खायला थांबल्या होत्या! पारखींशी तासभर भांडलो. म्हणाले, नियम सांगितला होता. सांगितला होता म्हणजे काय? समजावायला नको?
तिथेच कॅन्सरवाल्या संस्थेची तपासणीची व्हॅन उभी होती. बायकांच्या रांगेत बघतो तर शालिनी, शेजारच्या कोकिळाबेनचा हात धरून. मला वाटलं माझ्यासाठी आली. टाळी वाजवायलाही वळली नाही. व्हॅनमधल्या डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, उद्याच मोठ्या दवाखान्यात या. ड्रायव्हरच्या बायकोला रांगेत उभं करतात, काय म्हणायचं या लोकांना!

१४ डिसेंबर
दिवसभर निकालाविरुद्ध अर्ज लिहिला. शालिनी कोकिळाबेनबरोबर जाऊन सुईची तपासणी करून आली. न्यायला मी तयार होतो. विचारलंच नाही.

२३ डिसेंबर
रिपोर्ट आला. आज दवाखान्यात मलाही बोलावलं होतं. रॅलीचा टी-शर्ट घालून गेलो, म्हटलं ओळख निघाली तर नंबर आधी लागेल.
कॅन्सर आहे. काखेपर्यंत पोचलाय.
डॉक्टरांनी विचारलं, गाठ कधी कळली? मी म्हणालो, आत्ताच, रॅलीच्या वेळी. शालिनी म्हणाली, दसऱ्याला. यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी माझ्या छातीवरची अक्षरं वाचली, तीच स्टिकरवरची. बहु सारुं काम करो छो तमे लोको, फार चांगलं काम करता तुम्ही लोक, म्हणाले, आणि मान खाली घालून ऑपरेशनची तारीख लिहू लागले. आधी आणलं असतंत तर, एवढं म्हणाले आणि चिठ्ठी शालिनीपुढे सरकवली.
येताना गाडी तीसच्या वर नेलीच नाही. मागचे हॉर्न मारत होते. अकोट्याच्या पुलावर शालिनीने विचारलं, आता कशाला एवढं हळू?
घरी आल्यावर चहाही तिनेच केला.