चांगुणेचा हिशेब मी फरशीवर मांडला, त्याबद्दल

मी कानिफनाथ पुंजाराम म्हसे, वय चोवीस, मूळचा राहुरी तालुक्यातला, हल्ली हिमाचलात बोगद्याच्या कामावर, पूर्ण शुद्धीत, दारू न पिता आणि कोणी न दटावता हे लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत. कायद्याचे शब्द टाइमकीपर रविकांत यांनी सांगितले, बाकीचे माझे. मागल्या आठवड्यात बोगद्याचे छत पडून शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला आणि संध्याकाळी त्याच्या ट्रंकेवरून भांडणे लागली, म्हणून घाई.

१. घर व जमिनीतला माझा वाटा आई मालनबाई हिला, तिच्यामागे बहीण चांगुणा हिला. शेजारी मच्छिंद्र दर नांगरटीला आमचा बांध कोरतो. त्याला माझ्या तेराव्याला बोलवावे, पण मापून वाढावे.

२. ट्रान्झिस्टर आईला. हातोडा मुकादमाला देऊ नये, तो दांडा मोडून आणतो.

३. टेम्पो घ्यायला पोस्टात साठवलेले सतराशे रुपये आत्या बनुबाई हिला द्यावेत. कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

चांगुणा पुण्याला वृत्तपत्रविद्येची पदवी शिकली. फी आणि खोलीभाड्याचे सतराशे आत्याने उसने दिले. आमच्यात भावाची मुलगी आत्याच्या घरी देतात. आत्याला सून म्हणून चांगुणा हवी होती. चांगुणेला आत्याचा गहिनीनाथ कधीच नको होता, हे मला ठाऊक होते. तिला नगरला पेपरात नोकरी लागली, पगार एकशे वीस. मी दगड फोडून दुप्पट मिळवतो. दिवाळीला गेलो तेव्हा कोळशाने फरशीवर हिशेब मांडला. खोली, खानावळ, एसटी जाऊन महिन्याला दहा उरतात. कर्ज फिटेपर्यंत पोरीचे केस पिकतील. वडील गेल्यापासून घरात शब्द माझा चालतो. मी आत्याला म्हणालो, "पैसं सोड, पोरगी घे." लग्न वैशाखात ठरले. लग्न झाले की नोकरी सोडायची, ही आत्याची अट. तीही मी मानली.

चांगुणा दारात उभी होती. म्हणाली, "दादा, घोडेगावच्या बाजारात म्हशीचं दात तरी बघत्यात. तू निस्ता आकडा बघितलास." मी हसलो.

परवा आईने कळवले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची मजुरी थकली होती. चांगुणेने ते पेपरात छापले आणि आठवड्यात वाटप झाले. आईचेही पैसे मिळाले. हे मी फरशीवर कुठे धरले होते?

म्हणून आत्याचे पैसे फिटले की माझा शब्द रद्द समजावा.

इथवर वाचून रविकांत म्हणाले, "कानिफ, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. लग्न वैशाखात ना?"

"व्हय."

"आणि तोवर तुम्ही गेला नाहीत तर?"

मी तडक पोस्टात जाऊन सगळे पैसे काढले आणि आत्याला मनिऑर्डरी केल्या. कुपनावर लिहिले की चांगुणेचे कर्ज फिटले, मी शब्द मागे घेतो, ती नोकरी करील, राग माझ्यावर काढावा. चांगुणेला तार केली.

सबब कलम ३ माझ्या हाताने खोडले असून खोडाखोडीवर माझी सही आहे. चांगुणेला रेघेखालचे वाचता यावे म्हणून रेघ एकच मारली आहे.

सही: कानिफनाथ पुंजाराम म्हसे

समक्ष सही पाहणारे:
रविकांत यज्ञेश्वर जोशी, टाइमकीपर
राधाकृष्ण लक्ष्मण भालेकर, सुतार

मुक्काम बोगदा वसाहत, हिमाचल प्रदेश
ता. १९ फेब्रुवारी १९७३