तारेवरचं बाबाचं नाव

भिलाई, १९६०

माय,
दुरूनच पाया पडतो. जेवण बरोबर होते, खोकला आता कमी आहे. तुझी कंबर कशी आहे?

मले भट्टीच्या ऑफिसात फोनवर बसवलं. रशियन साहेबासंगं अदबीनं बोलाले शिकून राहिलो. त्यायच्यात मान द्याचा तर माणसाच्या नावासंगं बापाचंबी नाव घेतात. म्हणून साहेब मले 'तेजराम रामाजीविच' म्हणते, म्हंजे रामाजीचा लेक तेजराम.

बाबा जाऊन वर्ष झालं. तू त्यायचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. बेबीताई हे वाचून दाखवंल, तवा तिले ते नाव दोनदा वाचाले लाव.

इथं ते फोनच्या तारेवरून येते, लई दुरून, वाऱ्यासारखं. मी लगेच बोलत नाही. वाटते, आधी बाबाच ओ देतील.

तुझा तेजराम