पान उलटणाऱ्याचे मौन

तीर्थस्वरूप योआखिमदाजी यांच्या सेवेशी, एरेनफ्रीडचा आदरपूर्वक नमस्कार.

प्रभूच्या दयेने आम्ही उभयता उभे आहोत. रोस्विथा काठीशिवाय, मी काठीसह. आपला गुडघा व आमच्या गिझेलाताईचा स्वभाव या दोहोंसाठी मी नित्य प्रार्थना करतो (पैकी गुडघ्यास गुण येत असल्याचे कळते).

आपण श्रीमती लिओनोरा वाइसेनबॉर्न यांचा पियानोवरील बाख सीडीवर पुन्हा काढीत आहात, हे ताईच्या पत्रावरून समजले. आनंद झाला, परंतु त्यातील सात सेकंदांची शांतता आपले तंत्रज्ञ दोष समजून दीडवर आणणार, हे वाचून जेवण गेले नाही. जगाने बाईंना बेथोव्हेनसाठी ओवाळले, आणि बाखची त्यांची ध्वनिमुद्रणे रुमालात बांधून पुरलेल्या मोहरेसारखी पडून राहिली. बेथोव्हेनमध्ये त्यांची वीज कडाडते. बाखमध्ये त्या घर झाडून, दिवा लावून वाट पाहतात. डावा हात कुठेही उजव्याचा चाकर होत नाही. मी ती तबकडी रोज लावतो. (रोस्विथा म्हणते, "अहो, पुन्हा तीच जागा? सुई झिजेल, आणि तुम्हीही.")

हे मुद्रण अडुसष्ट साली आमच्या आनाबेर्गच्या मंडळीच्या सभागृहात झाले, आणि बाईंची पाने उलटण्याची सेवा मला लाभली, हे आपण जाणताच. तिसऱ्या दिवशी सराबांद या संथ नृत्यरचनेच्या अखेरच्या ओळीपूर्वी दोन पाने एकमेकांस चिकटली. (न्याहारीस रोस्विथाने आलुबुखाराच्या मुरंब्याचा केक दिला होता. स्त्रीने दिले आणि मी खाल्ले, हे समर्थन अतिप्राचीन आहे.) मी नखाने ओढतो, फुंकर घालतो, बाईंचे हात पट्ट्यांवर अधांतरी. सात सेकंदांनी पान सुटले आणि ती ओळ अशी उतरली, की यंत्रावरील गृहस्थाने टोपी काढली. मी क्षमा मागू लागलो, तर बाई म्हणाल्या, "पाळकबुवा, ओळ मला पाठ होती हो. पण तुमची झटापट बघून म्हटलं, थांबून बघू काय होतंय ते. आता हे कुणी पुसायचं नाही."

लाइपझिगच्या एका समीक्षकास त्या शांततेत वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांमधला शनिवार ऐकू आला. त्याच शनिवारावर मी चौतीस वर्षे प्रवचने दिली. त्यांतले एक अक्षर कोणी छापले नाही. बोलण्याचा समय असतो तसा मौनाचाही असतो, असे शास्त्र सांगते. ते मौन अखंड ठेवावे, ही विनवणी बाईंच्या वतीने करतो. माझा त्यात काही स्वार्थ नाही.

आपला नम्र,
एरेनफ्रीड

ता. क. : सीडीसोबतच्या पुस्तिकेत 'पाने उलटली : पाळक एरेनफ्रीड कूनर्ट' एवढी ओळ असावी. बारीक टाइपातही चालेल.

पुन्हा ता. क. : फार बारीक नको. जागा अपुरी पडल्यास बाईंचे छायाचित्र गाळावे. छायाचित्रात त्या कधीच चांगल्या येत नसत.