डोंगर न चढणारा ताप

पिंपळवंडी, भाद्रपद २००६

बाळासाहेब दाजी यांना सोपानचा नमस्कार (बोटं वळत नाहीत, तरी हात जोडलेत असं समजावं). शिनोलीत सगळे धडधाकट असाल, आमच्या शीलाला सातवा महिना नीट चालला असेल. आमची खुशाली मात्र विचारू नका.

गावात चिकुनगुनिया आलाय. नावात चिकन ऐकून आधी सगळ्यांनी कोंबडी खायची सोडली. कोंबड्या माजल्या आणि माणसं आडवी झाली. ताप उतरला तरी सांधे धरलेलेच. परवा शेजारच्या सावळेरामतात्यांना आणि मला ओट्यावरून एकदमच उठायचं होतं. एकमेकांना धरून उठायला गेलो आणि दोघंही खाली बसलो. आई सोडवायला आली, तीही बसली. (तिचा ताप माझ्याआधीच येऊन गेला.)

पण इथं घरटी एकजण तरी आजारी असताना तुमच्याकडं दोनच कसे, तेही आमच्या बाजूला पाहुणे म्हणून येऊन गेलेले? तात्या म्हणाले, "त्यांच्या डोंगराकडं चढताना तापाचंबी गुडघं धरत असतील, राव." मग नर्सबाई आल्या. त्यांनी आमच्या पिंपात डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. आमच्या नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी भरलेली पिंपं. तुम्ही विहिरीचं रोज ताजं आणता. आजाऱ्याला चावलेला डासच दुसऱ्याला ताप देतो, असं बाई म्हणाल्या. मी हळूच गरोदर बाईचं विचारलं. "ऐन बाळंतपणात आईला ताप असला, तर बाळालाही होऊ शकतो," म्हणाल्या. आमची पिंपं ओतली, पण गावाची कोण ओतणार?

फोन आईच्या उशाशी आहे, म्हणून हे पत्र. थोरांच्या पाया पडतो (खरोखर पडलो तर उठवायला दोन माणसं लागतील).

आपला,
सोपान

ता. क. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला ठाऊक आहे. तरी शीलाला यंदा इकडं पाठवू नका. भाऊ टाळतोय असं तिला वाटू देऊ नका. आईला सांगितलेलं नाही, रडेल.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायला तात्यांकडं दिलं, तर त्यांनी ते आईलाच वाचून दाखवलं. रडली नाही. "लेक येत न्हाई तर मी जाते," म्हणाली, आणि डिंकाचे लाडू बांधून सकाळच्या एसटीनं निघालीसुद्धा. आता तिच्यापासून कुणाला धोका नाही, हे मी नर्सबाईंना विचारून घेतलंय. पत्राआधी ती पोचेल. बाळंतपण होईपर्यंत ठेवून घ्या. ती तुमचं स्वयंपाकघर ताब्यात घेईल, तुमच्या आईंना सांभाळून घ्यायला सांगा. इथं मला भाकरी कोण घालणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.