जयपूरला मी गेलोच नव्हतो

चारकोप

ती. आयेस लवूचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. जयपूरच्या हॉटेलाचं बिल कुणा चोराने माझ्या क्रेडिट कार्डावर टाकलं. बँकेचा मेसेज घरच्या फोनवर आला आणि तुला वाटलं, पोरगा परत न सांगता पळाला.

बँकेतली बाईपण तेच म्हणाली, "सर, तुम्ही कायम फिरतच असता, मग हे तुम्ही नाही कशावरून?"

त्या दिवशी मी विक्रोळीला सुगंधामावशीच्या नातीच्या बारशाला होतो. घुगऱ्या झकास होत्या हां! तिथला फोटो पाठवला, तेव्हा बँकेने बिल रद्द केलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? नवं कार्ड घरच्या पत्त्यावर येईल. तुझाही विश्वास बसला असेल, तरच इकडे पाठव.

तुझाच,
लवू